दचका किती मोठा, हे आवाजाआधीच ठरलेलं असतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. घरात साडेचार महिन्यांचं बाळ आहे. बाळंतपणानंतर तुम्ही कुकरच्या शिट्टीला, दाराच्या बेलला, हातातून निसटलेल्या झाऱ्यालासुद्धा उडता. शिट्टी होणार हे माहीत असतं, तरीही. नवरा शेजारी बसून पेपर वाचत असतो, त्याची पापणी लवत नाही. बाळ झोपेत दचकतं, कुत्रा दिवाळीत पलंगाखालून निघत नाही. त्यात तुम्ही कुठंतरी वाचलंत की मेंदूत दचकण्याला गाळणारी एक चाळणी असते आणि स्किझोफ्रेनियात ती बिघडते. आता उरलीसुरली झोपही त्या विचारानं गेली आहे.

शेवटच्या भीतीचं उत्तर आधी देतो. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवणारं काहीही नाही. असं का म्हणतो ते खाली येईलच. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. अर्धा दिवस ओपीडी आणि अर्धा दिवस नसा-स्नायूंच्या तपासणीच्या खोलीत, असं वीसेक वर्षं चाललंय. दचकण्याची तक्रार घेऊन येणारे तसे थोडे, पण दचकण्याची यंत्रणा मात्र त्या खोलीत रोज पडद्यावर दिसते.

तुम्ही विचारताय, 'माझी चाळणी फाटली का?' मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. माहीत असूनही दचकणं थांबत का नाही, हा एक. आणि तोच आवाज एखाद्या दिवशी जास्त का लागतो, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर वायरिंगमध्ये आहे. कानातून आलेली नस मेंदूच्या देठात शिरते. तिथून निरोप देठातल्याच काही मोठाल्या पेशींकडे जातो आणि त्या तो थेट मज्जारज्जूत खाली पाठवतात. संपला रस्ता. उंदरावर हा रस्ता अमेरिकेतल्या मायकेल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडला. उंदराच्या कानाशी आवाज झाल्यापासून मागच्या पायाचा स्नायू हलेपर्यंत साधारण ८ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या पापणीला तीस-चाळीस. विचार करणारा मेंदू या वाटेवर लागतच नाही. तो पोचतो तोवर सगळं घडून गेलेलं असतं, पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा तो फक्त नोंद करतो, 'अरे, कुकर होता.'

चार्ल्स डार्विननं हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावून तो उभा राहिला, साप झेपावला तरी हलायचं नाही असा पक्का निश्चय करून. साप झेपावला आणि साहेब दोन पावलं मागे. पुढं १९३९ मध्ये लँडिस आणि हंट या दोघांनी पिस्तुलाच्या आवाजाला दचकणाऱ्या माणसांचं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. सराव असलेल्यांचे खांदे उडत नव्हते, मान वाकत नव्हती, पण पापणी मिटायचीच. तेव्हा नवऱ्याची पापणी लवत नाही हे तुमचं निरीक्षण बहुधा चुकलंय. ती लवते, पेपरआड दिसत नाही इतकंच. आणखी पंचेचाळीसेक वर्षांनी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी तर लोकांना आकडे मोजून, अगदी क्षण सांगून आवाज ऐकवला. दचका लहान झाला, पण दाबून टाकणं कुणाला जमलं नाही.

म्हणजे 'दचकायचं नाही' असं ठरवण्याची सोय निसर्गानं ठेवलेलीच नाही. ठेवली आहे ती दचका लहान-मोठा करण्याची कळ. आणि तिची गंमत अशी की आवाज येतो तेव्हा ती ज्या खुणेवर असेल तीच खरी, आयत्या वेळी फिरवता येत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या कळीत आहे, आणि तिला हात घालणारे बरेच जण आहेत.

त्यातला पहिला, आधी मिळालेल्या बारीक इशाऱ्याचा, मी रोज पाहतो. पेशंट खुर्चीत बसतो, खालच्या पापणीखाली आम्ही एक छोटा इलेक्ट्रोड चिकटवतो आणि भुवईजवळच्या नसेला हलका विजेचा टिचका देतो. पडद्यावर दोन लाटा उठतात. पहिली साधारण दहाव्या मिलिसेकंदाला, फक्त त्याच बाजूला, बारीक आणि टोकदार. दुसरी तिशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत, रुंद आणि झिपरी. डोळा खरा मिटतो तो या दुसऱ्या लाटेनं. आता त्याच पेशंटच्या तर्जनीला अगदी मंद टिचका द्यायचा, इतका मंद की तो विचारतो, 'झालं का सुरू?' आणि बरोबर शंभर मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागानं, भुवईचा नेहमीचा टिचका. पहिली लाट तशीच येते. दुसरी मात्र बसते, कधीकधी जवळजवळ सपाट होते. हे पहिल्याच खेपेला होतं, शिकावं लागत नाही. नवीन रेसिडेंटला मी हे दाखवतो तेव्हा तो हमखास म्हणतो, 'सर, इलेक्ट्रोड सुटला वाटतं.'

आवाजानंही तेच होतं. मोठ्या आवाजाच्या किंचित आधी बारीकसा आवाज आला, तर दचका लहान होतो. तुम्ही वाचलेली 'चाळणी' ती हीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस ग्रॅहम यांनी १९७५ मध्ये याचा अर्थ असा लावला: मेंदू एक छोटी गोष्ट आत घेत असतो, तेवढ्यात धक्का बसून ती विस्कटू नये म्हणून तो क्षणभर दार लोटून घेतो. मला हा अर्थ पटतो, कारण तो मेंदूच्या कामाच्या बाजूनं विचार करतो. आणि हे दार फार जुनं आहे. ते मध्यमेंदूतून चालतं, वरचा मेंदू तोडलेल्या उंदरातही टिकतं. माशांत आहे, एका जातीच्या समुद्री गोगलगाईतसुद्धा सापडलं आहे.

पण ही खिडकी लहान आहे. इशारा आणि दणका यांत साधारण तीस ते पाचशे मिलिसेकंदांचं अंतर हवं. कुकर दोन मिनिटं सूं-सूं करत असतो, तो 'इशारा' या खिडकीत बसतच नाही. उलट ती दोन मिनिटं वाट पाहण्यात जातात, आणि ताणून पाहिलेली वाट दचका वाढवते. आणखी एक, नुसता आवाज मोठा असून भागत नाही, तो एकदम यावा लागतो. हळूहळू चढत जाणारा भोंगा कानाला त्रास देईल, पण उडवणार नाही. फरशीवर पडलेलं ताट उडवतं.

आता स्किझोफ्रेनिया. डेव्हिड ब्राफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की या आजाराच्या रुग्णांत दार लोटून घेण्याची ही क्रिया सरासरीनं कमी पडते. पुढं ते अनेकदा दिसलं. पण 'सरासरीनं' हा शब्द सोडू नका. ती कमतरता हंटिंग्टनच्या आजारात दिसते, मंत्रचळेपणात दिसते, एक-दोन रात्री जागवलेल्या धडधाकट माणसातही दिसते. बायकांत पाळीच्या दिवसांप्रमाणे ती बदलते, सिगरेट ओढल्यावर बदलते. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचा आकडा पाहून कुणीही निदान करू शकत नाही, आणि कुणी करत असेल तर तिथून उठून या. याहून महत्त्वाची गोष्ट बातम्यांतून गळते: ही चाचणी दचका किती मोठा हे मोजत नाही, तर आधीच्या इशाऱ्यानं तो कितपत कमी झाला हे मोजते. दचका मोठा असणं आणि चाळणीला भोक असणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुमची तक्रार पहिली आहे.

कळीवर दुसरा हात सवयीचा. यासाठी आपल्याकडे शेतात कायमचा प्रयोग मांडलेला आहे, बुजगावणं. पहिले दोन दिवस पाखरं बुजतात, आठवड्यानं त्याच्याच खांद्यावर बसून कणसाकडे बघतात. म्हणून जाणता शेतकरी बुजगावणं हलवत राहतो, सदरा बदलतो, मधेच गोफण फिरवतो. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं त्या कामाचा बराच भाग हाच होता. समुद्री गोगलगाईला पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ती कल्ला आत घेणं कमी करते, कारण संवेदना आणणारी पेशी पुढच्या पेशीला दर खेपेला कमी रसायन देते. ओपीडीत मी पेशंटच्या दोन भुवयांच्या मध्ये बोटानं टकटक करतो. निरोगी माणूस चार-पाच टकटकींनंतर पापणी मिटणं थांबवतो. पार्किन्सनचा रुग्ण बऱ्याचदा मिटतच राहतो. शून्य रुपयांची तपासणी.

सवयीची मात्र एक अट असते. आवाज निरुपद्रवी ठरायला हवा. एकदा त्या आवाजाबरोबर खरोखरच वाईट घडलं असेल, तर उलट चाल सुरू होते, दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो तशी.

आणि ही उलटी चाल म्हणजे तिसरा हात, भीतीचा. १९५१ च्या एका प्रयोगात उंदरांना दिवा लागला की शॉक बसतो हे शिकवलं. मग नुसता दिवा लावून आवाज केला तर ते एरवीपेक्षा जास्त उडाले. दिवा काही मोठा आवाज करत नाही, त्यानं फक्त कळ वर नेली. ही कळ फिरवणारा भाग मेंदूच्या बाजूला आत असतो, बदामाएवढा, आणि त्याची एक तार थेट देठातल्या त्या मोठाल्या पेशींपर्यंत येते. माझी सगळ्यांत आवडती प्रयोगांची जोडी मात्र १९९७ ची. क्रिश्चन ग्रियॉन यांच्या गटानं दाखवलं की अंधारात माणसं जास्त दचकतात. त्याच वर्षी डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेतून आलं की उंदीर झगझगीत उजेडात जास्त दचकतात. उंदीर रात्रीचा प्राणी, त्याला उजेडात घार दिसते. आपल्याला अंधारात. यंत्र एकच, धोका कशाला म्हणायचं ते जातीजातीचं वेगळं.

आता तुमच्या रात्री आठवा. पाळण्याकडे कान, खोलीत अंधार, दर दीड-दोन तासांनी उठणं. तुमच्या मेंदूला महिनोन्महिने एकच काम दिलेलं आहे, बारीकसा आवाज चुकवू नकोस. ती कळ दिवसा आपोआप खाली येत नाही, आणि झोपेची उधारी तिला वरच ठेवते. तुमच्या बाबतीत हेच मुख्य कारण असावं असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतो कारण तुम्हाला तपासलेलं नाही.

चौथा हात गमतीचा आहे, म्हणून सांगतो. फुगा आपण स्वतः फोडला तर कमी दचकतो. स्वतःच्या हालचालीची आगाऊ वर्दी मेंदू स्वतःच्याच कानाला देतो. रातकिड्यात तर ही वर्दी देणारी एक विशिष्ट पेशीच इंग्लंडमधल्या पुले आणि हेडविग यांनी शोधली. किडा किरकिरतो तेव्हा प्रत्येक किरकिरीबरोबर ती त्याच्या ऐकण्यावर हात ठेवते आणि मधल्या शांततेत काढून घेते. म्हणून स्वतःच्या कर्कश आवाजात तो बहिरा होत नाही. तुम्हाला यातून एवढंच घेता येईल: पहिल्या शिट्टीला गॅसशी तुम्हीच असा आणि बटण तुम्हीच फिरवा, पलीकडच्या खोलीत वाट बघत बसू नका.

या सगळ्या हातांखाली एक मूळचा ब्रेक असतो, ग्लायसिन नावाच्या साध्या रसायनाचा. मज्जारज्जूत आणि देठात ते पेशींना 'पुरे' म्हणतं. तो ब्रेक नसेल तर काय होतं, हे मी रेसिडेंट असताना पाहिलं. धनुर्वाताच्या खोलीत खिडक्यांना काळे पडदे असत. सिस्टर चपला बाहेर काढून येत. एका दुपारी कुणाच्या तरी हातून किडनी ट्रे पडला. पलंगावरचा पंचविशीतला मुलगा डोकं आणि टाचा टेकवून कमानीसारखा उचलला गेला, पूर्ण शुद्धीत, डोळे आमच्याकडे. धनुर्वाताचं विष ग्लायसिनला पेशीतून बाहेरच पडू देत नाही. कोकणात काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांतलं विष, स्ट्रिक्निन, दुसऱ्या टोकाला अडवतं: निरोप निघतो, पण घेणारा कुलूप लावून बसलेला. ते खाल्लेला कुत्रा नुसत्या टाळीनं ताठरतो, जनावरांच्या डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं आहे. आणि काही कुटुंबांत हा घेणाराच जन्मतः बिघडलेला असतो. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. अशी बाळं जन्मापासून ताठ असतात, नाकाच्या शेंड्याला टिचकी मारली की दर वेळी दचकतात, सवय होतच नाही. ताठरून श्वास थांबला तर डोकं आणि पाय पोटाकडे दुमडायचे, त्यानं जीव वाचतो. औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं.

घाबरू नका, तुमचं बाळ यातलं नाही असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. ते दिवसा सैल असतं, हसतं, दूध नीट पितं असं तुम्ही लिहिलंय. हात फाकून परत मिठीसारखे आणणं हा तान्हेपणीचा वेगळा प्रतिक्षेप आहे आणि तो चार ते सहा महिन्यांत जातो. दुपट्यात गुंडाळल्यानं तो कमी जाणवतो, पण बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद करा, आणि झोपवताना पाठीवरच झोपवा. माझा कान टवकारतो तो एकाच गोष्टीला. आवाज नसताना, विशेषतः झोपेतून उठल्यावर, एकामागून एक असे झटके मालिकेनं येत असतील, तर ते दचकणं नव्हे, आकडीचा एक प्रकार असू शकतो. या वयातच तो सुरू होतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दृष्ट नंतर काढा.

कुत्र्याचं पाहायचं तर तो 'दचकतो' हा शब्दच मला नडतो. दचका एका सेकंदाच्या आत संपतो. तीन तास पलंगाखाली थरथरणं ही भीती आहे, आणि तिला दरवर्षी दिवाळीत उजळणी मिळते. 'होईल सवय' म्हणून त्याला गच्चीवर नेऊ नका, तो दर सुतळी बॉम्बला जास्तच शिकतो. आधीच्या महिन्यांत फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतक्या बारीक आवाजात लावा की त्यानं फक्त कान हलवावा, आणि तेव्हाच आवडता खाऊ द्या. आवाज आठवड्या-आठवड्यानं चढवा. ऐन दिवाळीत त्याची पलंगाखालची जागा त्याची राहू द्या, जवळ बसलात तर तो बिघडत नाही. औषध लागलंच तर पशुवैद्यांना विचारून, आणि नुसतं गुंगी आणणारं नको, त्यानं पाय गळतात पण भीती तशीच राहते. घोडा-बैल बुजू नये म्हणून झापडं बांधणाऱ्यांना यातलं अर्धं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आणि तुम्ही. रात्रीतला चार-पाच तासांचा एक सलग तुकडा नवऱ्याकडे किंवा आईकडे सोपवा, तोही दुसऱ्या खोलीत झोपून, कारण पाळणा ऐकू येत असेल तर तुम्ही झोपलेल्या नसता. पेपर वाचणाऱ्यानं पाठीमागून येताना आधी हाक मारायची. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. हे तीन आठवडे केल्यावर फरक पडायला हवा. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं नवीन नाही, म्हणून धडधड, हात थरथरणं किंवा वजन उतरणं असेल तर टीएसएच तपासून घ्या. प्रसूतीच्या वेळी काही अवघड घडलं असेल आणि ते स्वप्नात किंवा जागेपणी परत परत दिसत असेल, रडू येत असेल, बाळाबद्दल नको ते विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लाजण्यासारखं त्यात काही नाही आणि उपचार चांगले आहेत. झोपेच्या गोळ्या चालू असून अचानक थांबवल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानंही दचकणं वाढतं. माझ्याकडे तातडीनं यावं असे पेशंट वेगळे असतात: दचकून लाकडासारखे सरळ खाली पडणारे, दचकल्यावर अंग ताठच राहणारे, किंवा ज्यांच्या दचकण्यासोबत चाल अडखळू लागली, विसर पडू लागला असे.

यापैकी काही असेल किंवा तीन आठवड्यांनी फरक नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर भेटा. जाताना टीएसएचचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि बाळाचा व्हिडिओ सोबत ठेवा. एमआरआय मात्र आधीच करून नेऊ नका.